चांगल्या रस्त्याला आधी पैसा: नगरपालिकेच्या रस्त्यांच्या देखभालीचं दहा वर्षांचं नियोजन

नगरपरिषदेत किंवा छोट्या महापालिकेत नव्यानं रुजू झालेल्या अभियंत्याच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात खड्ड्यांची यादी येते. नगरसेवकांची पत्रं, व्हॉट्सॲपवरचे फोटो, त्यावर मुख्याधिकाऱ्यांचा शेरा. ज्या भागातून ओरड जास्त, तिकडे डंपर आधी जातो. पुढच्या पावसाळ्यात तीच यादी पुन्हा येते, फक्त गल्ल्यांची नावं थोडी इकडची तिकडे. यातून बाहेर पडायचं असेल तर शहरातल्या सगळ्या रस्त्यांचा मिळून एक दहा वर्षांचा आराखडा लागतो. तो शून्यातून कसा उभा करायचा, ते इथं क्रमानं मांडलं आहे. महागडं सॉफ्टवेअर किंवा सल्लागार नसला तरी सुरुवात करता येते. लागतो तो एक हिवाळा, दोन माणसं, एक टेप आणि एक्सेलची फाइल.

उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. चार महिन्यांचा पाऊस, काळी माती आणि मार्चअखेरची बिलं यांचा विचार न करता केलेलं नियोजन आपल्याकडे टिकत नाही.

आधी एक साधा हिशेब

समजा, तुमच्या गावात १०० किलोमीटर डांबरी रस्ते आहेत. वरचा थर नीट घातला असेल आणि पाण्याला वाट असेल, तर शहरी वाहतुकीत तो साधारण आठ वर्षं काढतो. म्हणजे सगळे रस्ते धड ठेवायचे तर दरवर्षी साडेबारा किलोमीटरवर नवा थर पडायला हवा. आता मागच्या पाच वर्षांची देयकं आणि मोजमाप पुस्तिका काढा आणि प्रत्यक्षात किती झालं ते बघा. सरासरी पाच किलोमीटर निघाली, तर प्रत्येक रस्त्याची पाळी वीस वर्षांनी येते आहे. आठ वर्षं टिकणाऱ्या थराकडून आपण वीस वर्षांची अपेक्षा धरून बसलो आहोत, आणि मधली बारा वर्षं खड्डे बुजवण्यात जाणार आहेत. हा एकच आकडा मुख्याधिकाऱ्यांपुढे आणि सभेपुढे ठेवा. रस्त्यांबद्दलची चर्चा त्यानंतर बदलते.

दुसरी गोष्ट, डांबरी रस्ता सारख्या वेगानं खराब होत नाही. पहिली पाच-सहा वर्षं तो जवळपास तसाच दिसतो. या काळात उन्हानं आणि हवेनं डांबर कडक होत असतं, केसासारख्या बारीक भेगा पडत असतात. या टप्प्यावर भेगा भरल्या किंवा वर ६ ते ८ मिलिमीटरचं मायक्रोसरफेसिंग (बारीक खडी आणि पाण्यात मिसळलेल्या डांबराचा पातळ थर) केलं, तर कमी पैशात काही वर्षं पदरात पडतात. तिकडे दुर्लक्ष झालं की भेगांतून पाणी खडीच्या थरात उतरतं, तिथून मुरुमात आणि मातीत. ओल्या झालेल्या थरावरून ट्रक गेला की आतलं पाणी दाबलं जातं आणि बारीक माल घेऊन वर येतं. मग दोन पावसाळ्यांत रस्ता कोसळतो. नंतर नुसता वरचा थर घालून भागत नाही, पायापासून काढून नव्यानं बांधावा लागतो.

म्हणून सगळ्यात खराब रस्ता आधी धरण्याची पद्धत ऐकायला न्याय्य वाटली तरी शहराचं नुकसान करते. एका कोसळलेल्या रस्त्याची पुनर्बांधणी करण्यात वर्षाचा निधी संपतो आणि तोवर बरे असलेले तीन रस्ते घसरून त्याच रांगेत येऊन बसतात. खराब रस्ता आणखी एक वर्ष थांबला तर तो खराबच राहतो, खर्च फारसा वाढत नाही. बरा रस्ता एक वर्ष थांबला तर त्याच्या दुरुस्तीचा प्रकारच बदलतो. या लेखातली पुढची प्रत्येक पायरी याच गोष्टीसाठी आहे.

पायरी १: नोंदवही

प्रत्येक रस्ता चौक ते चौक अशा तुकड्यांत विभागा आणि तुकड्याला क्रमांक द्या. ‘स्टेशन रोड’ ही एकच नोंद ठेवली तर उपयोग नाही, कारण त्याच रस्त्याचा अर्धा भाग धड आणि अर्धा भाग उखडलेला असतो. दोन चौकांमधलं अंतर फार असेल तर दोनशे मीटरवर तोडा.

प्रत्येक तुकड्यासमोर लांबी, रुंदी, पृष्ठभागाचा प्रकार (डांबरी, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, खडीकरण), शेवटचं काम कधी झालं, कोणत्या थराचं, ठेकेदार कोण आणि दोषदायित्व कालावधी (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करून देण्याची हमीची मुदत) कधी संपतो, हे लिहा. शेवटच्या रकान्याकडे कुणाचं लक्ष नसतं. हमीच्या मुदतीत असलेल्या रस्त्यावर पालिकेनं स्वतःच्या पैशातून डागडुजी केल्याची प्रकरणं लेखापरीक्षणात निघतात. ती तारीख फाइलमध्ये असेल तर मुदत संपण्याच्या तीन महिने आधी संयुक्त पाहणी लावून ठेकेदाराकडून काम करून घेता येतं.

मालकीही इथंच तपासा. गावातून जाणारा राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो, काही रस्ते औद्योगिक वसाहतीचे, काही खासगी लेआउटमधले, पालिकेकडे हस्तांतरित न झालेले. लोकांना हा फरक माहीत नसतो, शिव्या पालिकेलाच बसतात. हस्तांतरणाचा ठराव किंवा पत्र सापडत नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि पाठपुरावा सुरू करा.

मग तीन वर्ग पाडा: बस आणि जड वाहनांचे मुख्य रस्ते, वस्त्यांना जोडणारे रस्ते आणि गल्ल्या. रुग्णालय, शाळा, बाजार समिती आणि स्मशानभूमीकडे जाणाऱ्या तुकड्यांवर वेगळी खूण करा.

पायरी २: पायी पाहणी, वर्षातून दोनदा

पहिली पाहणी पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. गाडीतून नाही, पायी. सोबत टेप, खडू, तीन मीटरची सरळ पट्टी आणि फोन. एकानं बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं.

काय बघायचं? भेगा, सुटलेली खडी, खड्डे, जुनी ठिगळं, खचलेला भाग, चाकोरी (चाकांच्या पट्ट्यात दबून पडलेली घळ). एका तुकड्यावर उभं राहिल्यावर हे सगळं कसं दिसतं ते सांगतो. कडेनं लांबच लांब एकच भेग असेल तर बहुधा साईडपट्टी खचली आहे किंवा जुन्या चराची कडा वर आली आहे. चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखी जाळीदार भेग असेल तर दोष वरच्या थरात नाही, खालचा पायाच दमला आहे. तिथं पाय आपटून बघा, तुकडे हलतात, आणि पावसानंतर गेलात तर भेगांच्या कडेला पांढुरका चिखल वर आलेला दिसतो. अशा जागी वरून थर टाकला तर वर्षाच्या आत त्याच नक्षीच्या भेगा वर उमटतात. सरळ पट्टी आडवी ठेवली की चाकोरी मिलिमीटरमध्ये मोजता येते. मोठ्या क्षेत्रावर नुसती खडी सुटत असेल, पण पट्टीखाली रस्ता सपाट असेल, तर पाया शाबूत आहे आणि हा तुकडा कमी खर्चात वाचणार आहे. त्याच्यापुढे मोठी खूण करा.

गुण देण्यासाठी स्वतःची पद्धत काढू नका. भारतीय रस्ते महासभेच्या ‘आयआरसी ८२’ या संहितेत डांबरी रस्त्यांच्या देखभालीची कार्यपद्धती आहे. शहरी रस्त्यांसाठी त्यात वेगळं कोष्टक असून प्रत्येक दोषाच्या टक्केवारीवरून १ ते ३ असे गुण काढता येतात. एकच पद्धत दरवर्षी वापरली तरच यंदाचे गुण मागच्या वर्षीच्या गुणांशी ताडून बघता येतात, आणि रस्ता किती वेगानं घसरतोय ते समजतं. मुख्य रस्त्यांची ताकद मोजायची असेल तर बेंकलमन बीमची चाचणी आहे. मागच्या ॲक्सलवर ८,१७० किलो भार असलेला ट्रक उभा करून, तो पुढे गेल्यावर रस्ता किती उसळतो ते त्यात मोजतात. जवळचं अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतन ही चाचणी करून देऊ शकतं. गल्ल्यांसाठी तिची गरज नाही.

दुसरी पाहणी जुलैमध्ये, भर पावसात. छत्री घ्या आणि फक्त पाणी बघा. कुठं साचतं, कुठून रस्त्यावर येतं, कुठल्या जाळीत जात नाही. माझ्या मते ही पाहणी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे आणि हीच सगळीकडे वगळली जाते.

पायरी ३: पाण्याची वाट

डांबराचा खरा शत्रू पाणी आहे. साचलेलं पाणी खडीवरचा डांबराचा लेप सोडवतं, आणि सुटी झालेली खडी चाकांनी उडून जाते. सांधलेल्या खड्ड्याच्या शेजारीच नवा खड्डा का पडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा खड्ड्यात सापडत नाही, दहा मीटरवरच्या तुंबलेल्या गटारात सापडतं.

आधी रस्त्याचा आडवा उतार तपासा. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर मध्य कडेपेक्षा जवळपास ९ सेंटीमीटर उंच असला तर अडीच टक्के उतार मिळतो. दोरी ताणून हे दोन मिनिटांत मोजता येतं. अनेक जुन्या रस्त्यांवर ही उंची उरलेलीच नसते, काही ठिकाणी उलटी झालेली असते.

याचं मोठं कारण म्हणजे थरावर थर. दर खेपेला जुना थर न खरवडता वर ४ सेंटीमीटर घालत गेलं की तीन खेपांत रस्ता १२ सेंटीमीटर वर चढतो. दुकानांची जोती खाली जातात, पावसाळी गटाराच्या जाळ्या आणि चेंबरची झाकणं खड्ड्यात बसतात, पाणी लोकांच्या घरात शिरतं. गावठाणातल्या आणि बाजारपेठेतल्या रस्त्यांच्या अंदाजपत्रकात जुना थर यंत्रानं खरवडण्याची आणि चेंबरची झाकणं पातळीला आणण्याची बाब पहिल्यापासून धरा. नंतर ‘जादा बाब’ म्हणून ती मंजूर होत नाही.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळा लिहायला हवा. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरच्या बाजूला रस्त्याखालची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओली काळी माती भार फारसा पेलत नाही, तिचं सीबीआर मूल्य (मातीची भार पेलण्याची ताकद दाखवणारा आकडा) पुष्कळदा दोन ते चार टक्क्यांच्या दरम्यान भरतं. अशा ठिकाणी मुरुमाचा पुरेसा भराव किंवा चुन्यानं माती स्थिर करणं आणि कडेनं खोल गटार या दोन गोष्टींशिवाय वर कितीही चांगलं डांबर घाला, लाटा उठतातच. साईडपट्ट्यांवर पाणी मुरू न देणं तर आणखी गरजेचं, कारण माती कडेनं ओली होत आत जाते.

आराखड्यात म्हणून एक नियम घाला: ज्या तुकड्याचा निचरा दुरुस्त झालेला नाही, त्याला नवा डांबरी थर मिळणार नाही. आधी गटार, मग रस्ता. नगरसेवकांना हे सुरुवातीला पटत नाही. जुलैच्या पाहणीतले फोटो दाखवले की पटतं.

पायरी ४: रस्त्याखाली काय आहे

नव्या रस्त्यावर सहा महिन्यांत जलवाहिनीचा चर पडला, ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराची तक्रार आहे. चर बुजवल्यावरही तो भाग आजूबाजूच्या रस्त्याइतका भक्कम कधीच होत नाही, आणि दोन्ही बाजूंचा धड रस्ता कमकुवत होतो तो वेगळाच.

ऑगस्टमध्ये एक बैठक लावा. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, महावितरण, गॅस, दूरसंचार कंपन्या, सगळ्यांनी पुढच्या तीन वर्षांत कुठं खोदणार त्याची यादी आणावी. ती तुमच्या तुकड्यांच्या नोंदवहीवर चढवा. ज्या तुकड्याखाली जुनी सिमेंटची किंवा गंजलेली वाहिनी आहे आणि ती बदलायचं ठरलं आहे, तो तुकडा रांगेतून मागे घ्या आणि वाहिनी झाल्यावरच्या वर्षात टाका. तोवर फक्त खड्डे भरा. याउलट थर घातल्यावर किमान तीन वर्षं तिथं खोदाईला बंदी, असा ठराव सभेत करून घ्या. फुटलेली वाहिनी हा अपवाद राहीलच.

खोदाईला परवानगी देताना केवळ शुल्क घेऊन सोडू नका. चर कसा बुजवायचा ते परवानगीतच लिहा: २० सेंटीमीटरच्या थरांत, प्रत्येक थर दाबून, वर खडीचा थर, आणि डांबरी थर चराच्या दोन्ही कडांना वीतभर पुढं कापून, म्हणजे जोड चराच्या कडेवर येणार नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागानं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. खोदणाऱ्यानं आधी खबर दिली की त्या जागी ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना कळतं. पालिकेनं स्वतःच्या खोदाईसाठीही ते वापरावं.

गणेशोत्सवाच्या मंडपाचे खड्डे हाही खोदाईचाच प्रकार आहे. मंडळांच्या बैठकीत खांबांसाठी वाळू भरलेली पिंपं किंवा लोखंडी बैठका वापरायला सांगा आणि परवानगीच्या अर्जात ती अट छापा. बहुतेक मंडळं ऐकतात, वेळेवर सांगितलं तर.

पायरी ५: कुठल्या रस्त्याला कुठला उपाय

आता प्रत्येक तुकड्याचे गुण, निचरा आणि खोदाई, तिन्ही माहिती हातात आहे. उपाय चार गटांत बसवा.

चांगला रस्ता, बारीक भेगा: भेगा भरणं, इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) हलका लेप. बरा रस्ता, खडी सुटायला लागलेली, पाया पक्का: स्लरी सील (तसाच, पण आणखी पातळ थर) किंवा मायक्रोसरफेसिंग. मध्यम रस्ता, काही ठिकाणी जाळीदार भेगा: तेवढे भाग कापून पायापासून दुरुस्त करायचे, मग पूर्ण लांबीवर नवा थर. कोसळलेला: पुनर्बांधणी, आणि ती निचऱ्यासह.

तुमच्या जिल्ह्याच्या दरसूचीवरून या चारही उपायांचा चौरस मीटरचा दर काढून एका पानावर शेजारी शेजारी लिहा. पुनर्बांधणीच्या एका चौरस मीटरमध्ये मायक्रोसरफेसिंगचे किती चौरस मीटर बसतात, हे त्या पानावर दिसतं. सभेत माझं म्हणणं त्या एका पानावर मान्य होतं.

जड वाहनांचा हिशेब वेगळा धरा. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथं झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून चौथ्या घाताचा नियम पुढं आला: ॲक्सलवरचा भार २० टक्क्यांनी वाढला की रस्त्याचं नुकसान साधारण दुप्पट होतं. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक ज्या वळणरस्त्यानं जातात, त्याला गल्लीच्या मापानं रचना करून चालणार नाही. अशा दोन-तीन रस्त्यांची जाडी हिशेब करूनच ठरवा, बाकीच्यांना त्यांच्यासाठी उपाशी ठेवू नका.

काँक्रीटचं काय, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. मुंबई महापालिकेनं २०२२ पासून शेकडो किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायला घेतले, नागपुरातही सिमेंट रस्ते मोठ्या प्रमाणावर झाले. पाणी साचणाऱ्या चौकात, बसथांब्यावर, भाजी मंडईसमोर काँक्रीट योग्यच आहे. पण अरुंद गल्लीत, जिथं खाली चाळीस वर्षांची जलवाहिनी आहे, तिथं काँक्रीट ओतणं म्हणजे पुढच्या गळतीला ते ब्रेकर यंत्रानं फोडण्याची तयारी. शिवाय काँक्रीटलाही देखभाल लागते. सांध्यातलं सीलंट काही वर्षांत निघतं, तिथून पाणी आत जातं आणि फरशीचे कोपरे तुटतात. काँक्रीट केलं की पन्नास वर्षं बघायला नको, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांधे भरण्याचा खर्च कुठल्या लेखाशीर्षातून देणार ते विचारा.

डांबरी रस्ता नीट केला तर किती टिकतो, याचं उत्तर पुण्यात आहे. जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात ‘रेकॉन्डो’ या मुंबईच्या कंपनीनं हॉटमिक्स पद्धतीनं (प्लांटमध्ये खडी आणि डांबर गरम मिसळून) बांधला, दहा वर्षांची हमी देऊन. ती मुदत संपल्यावरही तो कितीतरी वर्षं खड्ड्याविना चालला. पुणेकर त्याचं श्रेय डांबराला देतात, पण निचऱ्याची वाट, खालचे थर आणि लेखी हमी हे सगळं त्यात धरायला हवं.

पायरी ६: पैसा आणि पाच वर्षांची सरकती यादी

नगरोत्थान, रस्ता अनुदान, वैशिष्ट्यपूर्ण कामं या राज्य सरकारच्या योजनांतला निधी मुख्यतः नव्या आणि मोठ्या कामांना मिळतो. भेगा भरायला अनुदान येत नाही. म्हणून पुनर्बांधणी शक्यतो अनुदानातून न्या आणि स्वनिधी, म्हणजे पालिकेचा स्वतःचा पैसा, देखभालीसाठी राखा. स्वनिधीतल्या रस्त्यांच्या रकमेचा निम्मा भाग चांगल्या आणि बऱ्या रस्त्यांवर, तिसरा हिस्सा मध्यम रस्त्यांच्या नव्या थरावर आणि उरलेला खड्डे-आपत्तीसाठी, अशी वाटणी मी सुचवतो. तुमच्या पाहणीत निम्म्याहून जास्त लांबी कोसळलेली निघाली तर हे प्रमाण बदलावं लागेल, पण पहिला हिस्सा शून्यावर आणू नका.

प्रभागनिहाय समान वाटपाची मागणी होणारच. तिला सरळ नकार देऊन आराखडा मंजूर होत नाही. मुख्य रस्ते पालिका पातळीवर गुणांनुसार घ्या, आणि गल्ल्यांसाठी प्रत्येक प्रभागाला ठरावीक रक्कम द्या, अट एकच: प्रभागातला क्रम नोंदवहीच्या यादीतून निवडायचा.

यादी पाच वर्षांची करा, दरवर्षी एक वर्ष पुढे सरकवा. पहिल्या दोन वर्षांची कामं तुकड्यानुसार, पुढच्या तीन वर्षांची फक्त लांबी आणि अंदाजे रक्कम. दहाव्या वर्षापर्यंतचं चित्र एका आलेखावर पुरतं: आजच्या निधीत सरासरी गुण कुठं जातात आणि निधी दीडपट केला तर कुठं.

वेळापत्रक: सगळ्यात जास्त घोळ इथं होतो

एप्रिलमध्ये निधी, मे महिन्यात अंदाजपत्रक, जूनमध्ये पाऊस, दिवाळीनंतर निविदा, कधी मध्येच आचारसंहिता, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईघाईनं डांबर. हे टाळायचं तर पावसाळा कागदांसाठी वापरा. दसरा-दिवाळीच्या पाहणीवरून डिसेंबरात यादी, जानेवारीत रकमा, फेब्रुवारीअखेर सभेपुढे जाणाऱ्या वार्षिक अर्थसंकल्पात तरतूद. एप्रिल-मेमध्ये तपशीलवार अंदाजपत्रकं आणि तांत्रिक मान्यता, जून ते ऑगस्ट ई-निविदा, सप्टेंबरअखेर कार्यादेश. पाऊस उघडला आणि जमीन सुकली की हॉटमिक्स प्लांट सुरू होतो तेव्हा तुमचा ठेकेदार तयार असतो. निवडणूक असलेल्या वर्षी दोन महिने आधी सरका.

वाईट असते ती घाई, डांबर घालायला फेब्रुवारी ते मे हा काळ उलट चांगला, मिश्रण लवकर थंड होत नाही. हिवाळ्यातल्या पहाटे काम लावू नका.

पायरी ७: कामावर उभं राहिल्यावर

आराखडा कितीही चांगला असला तरी टिकाऊपणा साइटवर ठरतो. सोबत थर्मामीटर ठेवा. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असायला हवं आणि रोलिंग ९० अंशांच्या आत उतरण्यापूर्वी संपायला हवं. डंपरवर ताडपत्री नसेल, प्लांट दूर असेल, तर माल येतानाच थंड होतो. तो परत पाठवण्याचा अधिकार तुमचा आहे, वापरा. टॅक कोट (नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मारलेला डांबराचा पातळ फवारा) चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. तो झाडून स्वच्छ केलेल्या, कोरड्या पृष्ठभागावरच पडला पाहिजे, मातीवर नाही.

जाडी तपासायची सोपी युक्ती वजनाची. एक किलोमीटर लांब, साडेपाच मीटर रुंद रस्त्यावर ४० मिलिमीटरचा थर घालायचा तर २२० घनमीटर, म्हणजे साधारण ५२८ टन माल लागतो. वजनकाट्याच्या पावत्या ४५० टनांच्याच निघाल्या तर थर सरासरी ३४ मिलिमीटरचा पडला आहे. पावत्या रोज संध्याकाळी गोळा करा, शेवटी एकदम मागू नका.

खड्डे तरीही पडतील

आराखडा लागू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं खड्डे कमी झाल्याचं दिसणार नाही, त्यामुळे तातडीची व्यवस्था स्वतंत्र हवी. पावसात कोल्डमिक्सच्या (गरम न करता वापरायच्या डांबरी मिश्रणाच्या) पिशव्या साठ्यात ठेवा. खड्डा चौकोनी कापा, कडा उभ्या ठेवा, पाणी आणि सैल माल काढा, भरा, दाबा. मोठे दगड आणि मुरूम टाकून बुजवलेला खड्डा दुचाकीस्वारासाठी उघड्या खड्ड्याइतकाच घातक असतो, कारण पहिल्या सरीतच तो चिखल होतो. हा फक्त तक्रार निवारणाचा विषय राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये, तर जखमींना इजेनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आणि कळवलेला खड्डा ४८ तासांत बुजवण्याचे आदेश दिले. प्रत्येक बुजवलेल्या खड्ड्याची तारीख आणि फोटो तुकड्याच्या क्रमांकासमोर नोंदवा. एकाच तुकड्यावर पुन्हा पुन्हा नोंदी येऊ लागल्या तर पुढच्या पाहणीत त्याचा गट बदला.

यादी भिंतीवर लावा

मंजूर पाच वर्षांची यादी, गुणांसह, पालिकेच्या संकेतस्थळावर आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा. ज्यांची गल्ली चौथ्या वर्षात आहे ते नाराज होतील, भेटायला येतील. त्यांना त्यांच्या तुकड्याची नोंद दाखवा: कुठली वाहिनी बदलायची आहे, गटाराचं काम कुठं अडलं आहे, तोवर खड्डे कोण भरणार. आपली पाळी कधी आहे हे माहीत असलेली माणसं थांबायला तयार असतात, पाळीच नाही असं वाटलं की आंदोलन करतात. मात्र यादीतला क्रम मधेच बदलला तर कारण त्याच फलकावर लिहा, सहीनिशी.

नोंदवहीची एक प्रत स्वतःच्या संगणकाबाहेर, आवक-जावक विभागात आणि मुख्याधिकाऱ्यांकडे असू द्या. दोन-तीन वर्षांत तुमची बदली होईल. पुढच्या अभियंत्याला खड्ड्यांची यादी मिळण्याआधी ही फाइल मिळायला हवी.